असईच्या तोफा आणि युद्धाचे कायदे



काही वर्षांपूर्वी मी आमच्या कॉलेजातील मुलांना घेऊन जालना जिल्ह्यातील असई हे गाव पाहायला गेलो होतो. भोकरदन आणि जाफराबाद यांच्या परिसरात केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात हे गाव वसले आहे. चहूकडे कपाशीची आणि मक्याची शेते, मधून मधून बाभळी, आणि नद्यांना गुडघाभर पाणी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जागी काही तासांत हजारो माणसे मेली आणि जखमी झाली, हे तिथे उभे राहून खरे वाटत नाही.

मी मुलांना लढाईची हकिगत सांगत होतो. सांगता सांगता 'आजच्या युद्धाच्या कायद्याप्रमाणे' असे शब्द माझ्या तोंडून गेले. त्याबरोबर एका मुलाने विचारले, "सर, लढाईत एकमेकांना ठारच मारायचे असते. मग तिथे कायदा कसला?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी पदार्थविज्ञान शिकवतो, कायदा नव्हे. तरीही या प्रश्नाचे निम्मे उत्तर पदार्थविज्ञानात आहे असे मला वाटते. ते कसे, हे आपण याच रणांगणापासून सुरुवात करून पाहू.

दोन नद्यांमधील लढाई

एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य होते. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली याच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीची फौज होती. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकत्र हल्ला करायचे ठरवले होते. पण स्टीव्हन्सन पोचण्यापूर्वीच वेलस्लीची मराठी फौजेशी गाठ पडली.

मराठ्यांची फौज केळणेच्या पलीकडे होती आणि जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे दिसली. समोरासमोरच्या दोन गावांतील लोक एकमेकांकडे जात-येत असणारच, तेव्हा तिथे उतार असला पाहिजे, असा तर्क त्याने केला. तो बरोबर निघाला.

नदी ओलांडून तो मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर येणार असे दिसताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली सगळी रांग फिरवली. तिचे एक टोक केळणेकडे आणि दुसरे असई गावाकडे ठेवले. ही हालचाल इतक्या शिस्तीने झाली की वेलस्लीही चकित झाला. महादजी शिंदे यांच्या काळात द बॉयन या सरदाराने उभारलेल्या कवायती फौजेची ही परंपरा होती. या वेळी पलटणींचा मुख्य अधिकारी पोलमान नावाचा जर्मन होता. रांगेपुढे सुमारे शंभर तोफा होत्या. त्यांच्या माऱ्याने इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मेले, तोफा बंद पडल्या, आणि कंपनीच्या पायदळाला उघड्या मैदानातून तोफांच्या तोंडावर चालत जावे लागले.

शेवटी कंपनीने लढाई जिंकली आणि ९८ तोफा पकडल्या. पण तिच्या बाजूची ४२८ माणसे ठार आणि ११३८ जखमी झाली. मराठ्यांच्या बाजूचे सुमारे १२०० मृत रणांगणावर पडले होते. त्यांच्या जखमींची अशी नेमकी मोजदाद झालीच नाही. हा फरक ध्यानात ठेवा. त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

गोळ्यात किती ऊर्जा?

आता थोडे गणित करू. त्या काळच्या सहा पौंडी तोफेचा लोखंडी गोळा सुमारे २.७ किलोग्रॅम वजनाचा असे. तो तोफेच्या तोंडातून सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला असे धरू. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते २,१६,००० ज्यूल. क्विंटलभर ज्वारीचे पोते २२० मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी ही आहे. हा गोळा माणसांच्या रांगेत शिरला तर एका माणसावर थांबत नाही.

शत्रू तीनशे मीटरांच्या आत आला, की गोलंदाज गोळ्याऐवजी छर्‍यांनी भरलेला पत्र्याचा डबा वापरत. (तोफ चालवणाऱ्याला आपल्याकडे गोलंदाज म्हणत. क्रिकेटने हा शब्द नंतर उचलला!) तोफेच्या तोंडाशी डबा फुटे आणि छर्‍यांचा फवारा पुढे पसरे. पायदळ मिनिटाला ६० मीटर चालते असे धरले, तर तीनशे मीटर तोडायला पाच मिनिटे लागतात. मिनिटाला दोन बार, म्हणजे एका तोफेचे दहा बार. समजा, एका डब्यात ४० छर्रे आहेत. म्हणजे एकट्या तोफेतून ४०० छर्रे सुटले. अशा कित्येक तोफा एका रांगेत होत्या. असई गावाजवळ चुकून फार पुढे गेलेल्या ७४ व्या पलटणीत सुमारे पाचशे माणसे होती. त्यांतील चारशेहून अधिक ठार वा जखमी झाली, याचे नवल वाटायला नको.

डोळ्याची मर्यादा

तोफ किती लांब मारते हे आपण पाहिले. आता तोफ डागणाऱ्याला किती लांबचे दिसते, ते पाहू. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे असतील, तर त्यांच्यामध्ये निदान एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन असावा लागतो. याला डोळ्याची विभेदनक्षमता म्हणतात. सोपा नियम असा, की अंतराला ३४०० ने भागा. जे उत्तर येईल, त्याहून लहान वस्तू तुम्हांला नुसत्या ठिपक्यासारखी दिसेल.

शंभर मीटरांवर हे उत्तर सुमारे ३ सेंटिमीटर येते. म्हणजे समोरच्याच्या हातात काठी आहे की बंदूक, हे ओळखणे तिथेच अवघड होऊ लागते. सहाशे मीटरांवर उत्तर येते १७ सेंटिमीटरांहून थोडे अधिक. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी यापेक्षा कमी असते. म्हणजे सहाशे मीटरांवर सगळा चेहरा हा एक ठिपका! तो म्हाताऱ्याचा की तरुणाचा, चिडलेला की घाबरलेला, हे डोळ्याला कळूच शकत नाही.

तलवार आणि भाल्याच्या लढाईत मारणाऱ्याला समोरचा माणूस दिसत असे. तो शरण आला, त्याने शस्त्र टाकले, तो जखमी होऊन पडला, हे सारे डोळ्यांपुढे घडे. म्हणजे त्या काळी सगळेच दया दाखवत असे मुळीच नाही. पण दया दाखवायची की नाही हे ठरवायला लागणारी माहिती तरी हाताशी होती. शस्त्राचा पल्ला वाढला, तशी ही माहिती नाहीशी झाली. शस्त्राचा हात लांब झाला, डोळा मात्र होता तेवढाच राहिला. या दोहोंमध्ये जी फट पडली, ती भरून काढण्यासाठी नियमांची गरज वाढत गेली.

नियमांची कल्पना नवी नाही. महाभारतात युद्धापूर्वी दोन्ही पक्षांनी नियम ठरवल्याचे वर्णन आहे. पळणाऱ्यावर वार करू नये, निःशस्त्राला मारू नये असे ते नियम होते, आणि पुढे ते मोडले गेल्याचेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणजवळ छावणी केलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले होते. दाणागोटा जपून वापरा, नाहीतर तो संपला की सैनिक रयतेच्या घरात शिरतील, अशी ताकीद त्यात होती. लढणारा आणि न लढणारा यांत भेद करावा, हे आजच्या युद्धकायद्याचे पहिले तत्त्व आहे. त्याचे बीज या पत्रात दिसते.

मेल्याचे सोंग

आता असईच्या लढाईतील एक प्रसंग सांगतो. मुलांमध्ये सर्वांत जास्त वाद झाला तो याच प्रसंगावरून.

कंपनीचे पायदळ अखेर तोफांपर्यंत पोचले. शिंद्यांचे बरेच गोलंदाज आपल्या तोफा सोडून गेले नाहीत. ते तिथेच संगिनींना बळी पडले. पण काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. पायदळ त्यांना ओलांडून पुढे गेले, तसे ते उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि शत्रूच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला मागे वळून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. त्या झटापटीत त्याचा घोडाही जखमी झाला.

हे ऐकताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही मनात अभिमान दाटून आला, हे लपवत नाही. चहूकडून शत्रू असताना तोफेशी इमान राखणारी ही माणसे शूर होती, यात शंकाच नाही.

पण आता एक पाऊल पुढे जाऊ. समजा, तुम्ही त्या पायदळातील शिपाई आहात. जखमी होऊन पडलेल्यांना तुम्ही सोडून दिले आणि त्यांतल्याच एकाने पाठीमागून तुमच्या मित्राला मारले. पुढच्या लढाईत तुम्ही काय कराल? पडलेल्या प्रत्येक देहात संगीन खुपसूनच पुढे जाल. त्यांतले दहा जण खरोखर जखमी असतील, हात हलवण्याचेही त्राण त्यांच्यात नसेल. एकाच्या सोंगाची किंमत त्या दहा जणांना द्यावी लागेल. ते दहा जण सोंग घेणाऱ्याच्याच बाजूचे असतील, कदाचित त्याच्याच गावचे.

आजचा कायदा इथे एक बारीक पण महत्त्वाची रेषा ओढतो. शत्रूला फसवायला बंदी नाही. झाडीत लपणे, खोट्या तोफा मांडणे, पळाल्याचा देखावा करून शत्रूला खिंडीत गाठणे, खोटी बातमी पसरवणे, हे सारे चालते. आपला गनिमी कावा बहुतांशी यातच बसतो. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला दाट जंगलात असेच कोंडले, आणि तो शरण आल्यावर खंडणी घेऊन त्याच्या फौजेला जाऊ दिले. कावाही होता आणि शरणागताला अभयही होते.

मात्र ज्या खुणेमुळे माणसाचा जीव वाचतो, ती खूण मारण्यासाठी वापरायला बंदी आहे. पांढरे निशाण दाखवून गोळी घालणे, जखमी असल्याचे सोंग करून मारणे, सामान्य नागरिकाचा वेष घेऊन हल्ला करणे, रुग्णवाहिकेतून दारूगोळा नेणे, या गोष्टी विश्वासघातात मोडतात. विश्वासघाताने मारू नये हा नियम १९०७ च्या हेग नियमांत आहे. जखमीच्या सोंगाचा स्पष्ट उल्लेख १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी करारात केला आहे. (या पुरवणी करारात भारत सामील झालेला नाही.) असईच्या गोलंदाजांना हे नियम लावता येत नाहीत, कारण त्या वेळी असा करारच नव्हता. त्यांचा न्याय करण्यासाठी मी हे सांगत नाही. नियम कशातून जन्मतो, ते समजावे म्हणून सांगतो.

जखमींचे काय?

लढाई संध्याकाळी संपली. कंपनीचे जखमी ती रात्र बहुतेक उघड्या मैदानातच पडून राहिले. शस्त्रवैद्य थोडे आणि जखमी हजारावर, अशी स्थिती होती. मराठ्यांच्या जखमींची तर मोजदादही नाही, हे वर सांगितलेच. जखमी शत्रूची शुश्रूषा करणे हे त्या काळी कोणाचेही कायदेशीर कर्तव्य नव्हते.

छप्पन्न वर्षांनी, २४ जून १८५९ रोजी, इटलीत सोलफेरिनो येथे मोठी लढाई झाली. ठार व जखमी मिळून सुमारे ४०,००० माणसे तिथे पडली. जिनिव्हाचा एक व्यापारी, आंरी द्युनां, योगायोगाने तिथे पोचला. त्याने शेजारच्या गावातील बायाबापड्यांना जमवले आणि कोणत्या बाजूचा हे न विचारता जखमींना पाणी पाजले, जखमा बांधल्या. पुढे त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ साली रेडक्रॉसची सुरुवात झाली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही बाजूचा असो, त्याची काळजी घ्यायची, हे या कराराचे सार आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रूस ही खूण याच करारातून आली. पुढे काही देशांत लाल चंद्रकोर आली, आणि २००५ मध्ये लाल स्फटिक हे तिसरे चिन्ह मान्य झाले.

१९४९ साली चार जिनिव्हा करार झाले. जखमी सैनिक, समुद्रावरील जखमी, युद्धकैदी आणि नागरिक असे त्यांचे चार विषय आहेत. भारताने ते १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी आपल्या संसदेने कायदाही केला. १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी व त्यांच्याबरोबरचे नागरिक भारताच्या ताब्यात होते. त्यांना पुढे वाटाघाटींनंतर परत पाठवण्यात आले.

ग्रॅममध्ये लिहिलेला कायदा

काही युद्धकायदे चक्क वजनमापात लिहिलेले आहेत, हे वाचून तुम्हांला मौज वाटेल.

१८६० नंतर रशियात स्फोट होणारी बंदुकीची गोळी तयार झाली. दारूगोळ्याचे गाडे उडवण्यासाठी ती होती. पण पुढे तिच्यात अशी सुधारणा झाली की ती माणसाच्या शरीरातही फुटेल. मग रशियानेच पुढाकार घेतला आणि १८६८ साली सेंट पीटर्झबर्ग येथे अनेक देशांनी जाहीर केले, की ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा स्फोटक गोळा आपण वापरणार नाही. ४०० ग्रॅमच का? तोफेचा गोळा त्याहून जड असतो, बंदुकीची गोळी कितीतरी हलकी. म्हणजे या आकड्याने तोफेला मोकळीक दिली आणि बंदुकीला अडवले. विचार असा होता: शत्रूच्या सैनिकाला लढण्यास असमर्थ करणे एवढाच युद्धाचा हेतू असतो. साधी गोळी ते काम करते. त्याच्या शरीरात स्फोट घडवल्याने यातना वाढतात, लढाईत जास्तीचा फायदा होत नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्याच देशाचे नाव घेऊन जगभर गेले. कलकत्त्याजवळ डमडम येथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथे मऊ टोकाची गोळी बनली. शरीरात शिरताच ती फुलासारखी पसरे. तिचे पदार्थविज्ञान असे: समजा, १४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६०० मीटर वेगाने आली. तिची ऊर्जा २५२० ज्यूल. कठीण टोकाची गोळी शरीर भेदून ४०० मीटर वेगाने बाहेर पडली, तर ११२० ज्यूल ती बरोबर घेऊन जाते आणि १४०० ज्यूल शरीरात सोडते. पसरणारी गोळी आतच थांबली तर सगळे २५२० ज्यूल शरीरात जातात. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळीवर बंदी आली. इंग्लंडने ती त्या वेळी मानली नाही. १९०७ मध्ये मानली.

तिसरे उदाहरण जमिनीतल्या सुरुंगांचे. सुरुंग शोधण्याच्या यंत्रात तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट प्रवाह वाहतो. जमिनीत धातू असेल, तर त्यात प्रेरित प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र आवाज करते. पण सुरुंग प्लास्टिकचा असला तर यंत्र गप्प राहते. युद्ध संपते, सैनिक घरी जातात, आणि दहा वर्षांनी गुरे राखणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडतो. म्हणून १९९६ च्या सुधारित नियमाने ठरवले, की माणसांविरुद्धच्या प्रत्येक सुरुंगाने यंत्राला निदान ८ ग्रॅम लोखंडाएवढा प्रतिसाद दिला पाहिजे. आठ ग्रॅम म्हणजे एक-दोन खिळे! तेवढ्या लोखंडावर एखाद्या मुलाचा पाय अवलंबून असतो. भारताने हा नियम स्वीकारला आहे. सुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात मात्र भारत सामील नाही.

आकाशातून मारा

१८९९ च्या हेग परिषदेत आणखी एक गमतीदार ठराव झाला: फुग्यांतून स्फोटके टाकण्यावर पाच वर्षे बंदी. त्या वेळी विमानाचा शोधही लागला नव्हता. तो १९०३ मध्ये लागला, आणि १९११ मध्ये लिबियात विमानातून पहिले बाँब पडले.

आपला ३४०० चा नियम इथे लावा. तीन किलोमीटर उंचीवरून नुसत्या डोळ्याला ८८ सेंटिमीटरांहून लहान वस्तू म्हणजे एक ठिपका. माणसाच्या खांद्यांची रुंदी याच्या निम्मी असते. वैमानिकाला माणसे दिसतच नाहीत, दिसते ते फक्त गाव. म्हणून इस्पितळाच्या छतावर लाल क्रूस काढायचा तर तो निदान पाच-दहा ठिपक्यांएवढा, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढा हवा. रात्री उष्णतेवर चालणारे कॅमेरे आले तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. लाल आणि पांढऱ्या रंगाचे तापमान सारखेच असेल, तर त्या कॅमेऱ्याला चिन्ह दिसणारच नाही. यासाठी अशा उपकरणांनाही ओळखता येतील असे पदार्थ चिन्हासाठी वापरावेत, अशी सोय पुढे नियमांत करण्यात आली.

विषारी वायूला तर डोळा मुळीच नसतो. वारा नेईल तिकडे तो जातो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममध्ये ईप्र येथे क्लोरिन वायूचा मोठा हल्ला झाला. १९२५ च्या जिनिव्हा करारनाम्याने वायूंच्या वापराला बंदी केली, आणि १९९३ च्या करारानुसार रासायनिक शस्त्रे बाळगणेही निषिद्ध झाले. भारताने आपला साठा जाहीर केला आणि २००९ मध्ये तो नष्ट करून पूर्ण केला.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या अणुबाँबची ऊर्जा सुमारे १५ हजार टन टीएनटीएवढी होती. हिशेब केला तर ती असईच्या सुमारे २९ कोटी तोफगोळ्यांच्या ऊर्जेइतकी भरते. इतकी ऊर्जा एका क्षणात मोकळी झाल्यावर सैनिक आणि नागरिक यांत भेद कसा करायचा? अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार २०१७ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये अमलात आला. पण भारतासह कोणत्याही अण्वस्त्रधारी देशाने तो मानलेला नाही. कायद्याचे हे सर्वांत अपुरे पान आहे.

पडद्यावरचे युद्ध

आता आजच्या काळात येऊ. ड्रोन म्हणजे वैमानिक नसलेले विमान. ते चालवणारा माणूस हजारो किलोमीटर दूर खोलीत बसलेला असू शकतो. तेव्हा शस्त्र आणि हात यांच्यातील अंतर आता सर्वाधिक झाले, हे उघड आहे. पण डोळ्याचे काय?

समजा, ड्रोनच्या कॅमेऱ्याचे भिंग दहा सेंटिमीटर व्यासाचे आहे. प्रकाशाच्या लहरींच्या गुणधर्मानुसार अशा भिंगाला, हवा स्वच्छ असेल तर, पाच किलोमीटरांवरून सुमारे साडेतीन सेंटिमीटरांचे बारकावे वेगळे दिसू शकतात. नुसत्या डोळ्याला एवढे बारकावे सुमारे ११५ मीटरांवरून दिसतात. म्हणजे पाच किलोमीटर दूर असलेला हा डोळा असईच्या गोलंदाजाहून चांगले पाहतो!

याचा अर्थ काय? 'लांबून दिसले नाही' ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. शस्त्राच्या हाताबरोबर डोळाही लांब झाला, तर जबाबदारीही तितकीच वाढते. अर्थात दिसणे म्हणजे समजणे नव्हे. पडद्यावर जमलेली गर्दी दिसते. ती सैनिकांची की लग्नाच्या वऱ्हाडाची, हे भिंग सांगत नाही. ते माणसाने विचार करून ठरवायचे असते.

आणि हा विचारच यंत्रावर सोपवला तर? स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या यंत्रांबद्दल जिनिव्हात २०१४ पासून देशोदेशींच्या चर्चा चालू आहेत. जागतिक करार अजून झालेला नाही. पण करार आधी होऊ शकतो, याला दाखला आहे. माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेल्या लेसर शस्त्रावर १९९५ मध्ये बंदी आली, तेव्हा ते रणांगणावर सर्रास वापरात आलेले नव्हते. एरवी कायदा शस्त्राच्या मागून लंगडत येतो. या एका वेळी तो पुढे धावला.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

"लढाईत कायदा कसला?" असे त्या मुलाने विचारले होते. असईहून परतताना मी त्याला एवढेच सांगितले: युद्धाचा कायदा युद्ध थांबवत नाही, आणि तो वारंवार मोडला जातो. प्रत्येक मोठ्या युद्धात इस्पितळांवर आणि शाळांवर मारा झाल्याच्या बातम्या तू वाचतोस. पण त्या बातम्या आहेत, याचे कारण काय? ते चूक आहे असे जगाने लिहून ठेवले आहे, म्हणून. १८०३ साली रात्रभर मैदानात कण्हणाऱ्या माणसांबद्दल असे कोणी म्हणू शकत नव्हते.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पण त्या गोलंदाजांनी दुसरे काय करायला हवे होते?"

याचे उत्तर मला देता आले नाही. तुम्ही आपल्या वर्गात याची चर्चा करा.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर २५, ५० आणि १०० मीटरांवर खुणा करा. मित्राला प्रत्येक खुणेवर उभे करा. कधी मिटलेली छत्री, कधी क्रिकेटची बॅट, कधी काठी, असे काहीतरी त्याच्या हातात असू द्या. हातात काय आहे ते ओळखायला तुम्हांला एक सेकंदच वेळ आहे. प्रत्येक अंतरावर दहा वेळा प्रयोग करा आणि किती वेळा चुकलात ते लिहून ठेवा. हाच प्रयोग दिवेलागणीच्या वेळी पुन्हा करा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक चुकीपुढे एक माणूस उभा आहे अशी कल्पना करा, म्हणजे युद्धाच्या कायद्याचे पहिले कलम तुम्हांला पाठ करावे लागणार नाही.